भूगोलाच्या पदवीचा वाद आणि नागपूरची जमीन

नव्या शैक्षणिक धोरणातली मेजर-मायनरची (एक मुख्य विषय, एक दुय्यम) रचना बी.ए.ला लागू झाल्यापासून नागपुरात एक जुनाच वाद नव्याने तापला आहे. पदवीला भूगोल घ्यावा का, आणि जिथे त्याला विद्यार्थी मिळत नाहीत तिथे तो चालू तरी का ठेवावा? एक बाजू म्हणते, नकाशा आता प्रत्येकाच्या खिशात आहे. ज्याला त्यात काम करायचे आहे त्याने सहा महिन्यांचा जीआयएसचा, म्हणजे संगणकावर नकाशे करण्याचा, कोर्स करावा, तीन-चार वर्षे कशाला घालवायची? दुसरी बाजू भूगोलाची कड घेते, पण कशाच्या जोरावर? एमपीएससी-यूपीएससीला हा विषय कामी येतो, एवढ्याच. पहिल्या बाजूने भूगोलाचे सॉफ्टवेअर करून टाकले आहे, दुसरीने पेपर. ज्या विषयावरून हे भांडण चालले आहे, तो खुद्द विषय या भांडणात कुठे दिसतच नाही.

माझे म्हणणे असे, की ४ ऑगस्ट १९२३ रोजी स्थापन झालेल्या आणि नुकतीच शंभरी पूर्ण केलेल्या नागपूर विद्यापीठाने पदवीचा भूगोल बंद होऊ देऊ नये. मात्र तो चार भिंतींत शिकवणे थांबवावे. निम्मा अभ्यासक्रम मोजमापाचा असावा आणि ते मोजमाप याच शहरात व्हावे. यामागे अभिमानापेक्षा साधा हिशेब आहे. नागपूरच्या पश्चिमेला दख्खनचा बेसाल्ट आहे, सीताबर्डीची टेकडी त्याचीच. पूर्वेकडे त्याहून कितीतरी जुना नीस खडक आहे. उत्तरेला कामठीचा वालुकाश्म, त्याच्या खाली कोळसा, आणि मनसर-रामटेकच्या पट्ट्यात मँगनीज. खडक बदलतो तशी माती बदलते आणि माती बदलते तसे पीक. काटोलच्या संत्र्याच्या बागांपासून भंडाऱ्याच्या धानाच्या बांध्यांपर्यंत एसटीने एका दिवसात जाता येते, आणि तेवढ्या वाटेत कापसाचा विदर्भ संपून तलावांचा विदर्भ सुरू होतो. इकडचा शेतकरी काळी, मोरंड, खरडी, बरडी अशी जमीन ओळखतो, तिकडचा कन्हार आणि सिहार म्हणतो. ही वर्गवारी इंग्रजी राजवटीतल्या जमीन-महसुलाच्या कागदांत आहे आणि अजून शेतकऱ्यांच्या तोंडीही आहे. पदवीच्या पहिल्या वर्षाला याहून चांगला धडा कुठल्या पुस्तकात मिळणार?

आता विरोधी बाजूचा सगळ्यात जड मुद्दा, नोकरीचा. तो खरा आहे, आणि भूगोलाचे प्राध्यापक तो उगाच झटकून टाकतात. ‘बी.ए. भूगोल’ अशी पात्रता मागणारी जाहिरात क्वचितच दिसते. शाळेतल्या जागा अडलेल्या आहेत. जीआयएसच्या कंपन्यांत स्थापत्य आणि संगणक शाखेची मुले बसतात. सर्वांत बोचणारी गोष्ट म्हणजे भूमी अभिलेख विभागाचे भूकरमापकाचे पद. जमीन मोजण्याचेच काम, पण त्यासाठी स्थापत्याची पदविका किंवा आयटीआयचे सर्वेक्षकाचे प्रमाणपत्र मागितले जाते, भूगोलाच्या पदवीधराला तिथे दार बंद. पण यातून निष्कर्ष काय काढायचा? विषय निरुपयोगी आहे, की पदवीधराला मोजणी येते यावर सरकारचा विश्वास नाही? मला दुसरे खरे वाटते, आणि तो अविश्वास पूर्णपणे चुकीचाही नाही. ज्याने तीन वर्षांत एकदाही उघड्यावर प्लेन टेबल (जागेवरच नकाशा काढायची तिवईवरची पाटी) लावले नाही, त्याच्या हाती गावठाणाची हद्द कोण देईल? नियम बदलून घ्यायचा असेल तर आधी हातात कसब दाखवावे लागेल. ते दाखवता आले, तर विद्यापीठाने हा नियम बदलण्यासाठी शासनाकडे धरणे धरावे इतका तो रास्त प्रश्न आहे.

दुसरा मुद्दा सहा महिन्यांच्या कोर्सचा. सॉफ्टवेअर शिकायला सहा महिनेही लागत नाहीत, हे मी मान्य करतो. मुक्त सॉफ्टवेअर घरी बसूनही शिकता येते. प्रश्न आहे तो चूक ओळखण्याचा. उदाहरण विदर्भाचेच घ्या. यूटीएम प्रक्षेपणात, म्हणजे पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे पट्टे करून नकाशा सपाट करण्याच्या पद्धतीत, ७८ अंश पूर्व रेखांशावर ४३ वा पट्टा संपतो आणि ४४ वा सुरू होतो. अकोला, वाशीम, बुलडाणा ४३ मध्ये, नागपूर आणि वर्धा ४४ मध्ये. अमरावती जिल्हा तर मधोमध फाटतो : अमरावती शहर ४३ मध्ये, वरुड ४४ मध्ये. नवशिक्या विद्यार्थ्याने अमरावतीच्या ४३ व्या पट्ट्यातल्या आकड्यांना ४४ वा पट्टा लावला, की शहर सहा अंश पूर्वेला सरकते आणि थेट ओडिशात जाऊन पडते. ही चूक कोणाच्याही डोळ्यांत भरते, म्हणून ती फारशी धोक्याची नाही. धोका लहान चुकीचा. जुने स्थलनिर्देशक नकाशे एव्हरेस्ट संदर्भपृष्ठावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या एका जुन्या गणिती प्रतिरूपावर, काढलेले आहेत, मोबाइलमधले जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ या नव्या प्रतिरूपावर चालते. हा फरक न सोडवता एकावर दुसरे ठेवले तर नागपूरच्या भागात शे-दीडशे मीटरचा घोळ होतो. पडद्यावर सगळे जुळल्यासारखे दिसते, नाला मात्र शेजारच्या लेआउटमध्ये गेलेला असतो. आपल्याकडे निळी पूररेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची धरतात. दीडशे मीटर म्हणजे त्या रेषांच्या आतले किंवा बाहेरचे घर. पडद्यावर शंका कोणाला येईल? ज्याने तो नाला पायी पाहिला आहे त्याला.

उंचीचे तर याहून कठीण. फुकट मिळणारे उंचीचे आकडे, उदाहरणार्थ २००० साली अंतराळयानातून रडारने घेतलेले, जमिनीवर साधारण तीस मीटरच्या चौकोनाला एक उंची देतात. त्यात कित्येक मीटरची चूक असू शकते, आणि दाट वस्तीत ते छताची किंवा झाडाच्या शेंड्याची उंची जमिनीची म्हणून सांगतात. डोंगराळ भागात हे चालून जाते. नागपूरसारख्या सपाट शहरात पूर कुठे शिरणार हे एक-दीड मीटरवर ठरते. भारतीय सर्वेक्षण विभागाचा ५५ ओ/४ हा नागपूरचा नकाशा उघडा : २ सेंटीमीटर म्हणजे १ किलोमीटर, आणि समोच्च म्हणजे सारख्या उंचीच्या रेषांमधला उंचीचा फरक २० मीटर. अंबाझरीपासून नाग नदीच्या काठाने शहराच्या मध्यापर्यंत या रेषा फारशा लागतच नाहीत. ज्या उतारावर शहराचे भवितव्य आहे तो उतार दोन रेषांच्या मधल्या कोऱ्या जागेत आहे.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे हेच घडले. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, एकोणिसाव्या शतकातला अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, आणि खालच्या वस्त्यांत लोक झोपेत असतानाच पाणी घरात शिरले. माणसे दगावली. त्यानंतर महिनोन् महिने चर्चा चालली : सांडव्यासमोरच्या बांधकामाची, स्मारकाची, नदीच्या भिंतींची. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. त्या सगळ्या गदारोळात एक साधा प्रश्न सामान्य माणसाला सोडवता येत नव्हता. माझ्या दाराच्या उंबरठ्याची उंची किती, आणि तलावाच्या सांडव्याची किती?

हा प्रश्न पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला सुटायला हवा. त्यासाठी लागते लेव्हलचे यंत्र (आडवी दृष्टिरेषा देणारी दुर्बीण), तिवई, चार मीटरची पट्टी आणि वही. झिरो माइलला चार घोड्यांच्या शिल्पाशेजारी लोक फोटो काढतात, हा देशाचा मध्य आहे की नाही यावर वाद घालतात. पण तिथल्या १९०७ च्या दगडाचे मोल वेगळे आहे. तो उंचीचा मानक दगड आहे, समुद्रसपाटीपासून १०२० फुटांहून थोडा वर. अशा ज्ञात उंचीपासून सुरुवात करायची. पट्टी त्या खुणेवर उभी करून पहिले वाचन घ्यायचे आणि ते खुणेच्या उंचीत मिळवायचे, की यंत्राच्या दृष्टिरेषेची उंची मिळते. मग पट्टी पुढे नेऊन जे वाचन येईल ते त्यातून वजा केले की पुढच्या बिंदूची उंची आली. असे टप्प्याटप्प्याने जायचे. चुका कुठे होतात? पट्टी किंचित कलली तर वाचन जास्त येते, म्हणून ती हळूच मागे-पुढे झुलवून सर्वांत कमी आकडा घ्यायचा. मागचे आणि पुढचे अंतर असमान ठेवले तर यंत्राचा दोष बेरजेत साचत जातो. दोन्हीकडची पावले मोजून अंतर सारखे ठेवले तर तो आपोआप कटतो. यंत्र हलवताना पट्टी मऊ मातीवर ठेवली तर ती रुतते आणि तिथून पुढचा सारा हिशेब बिघडतो, म्हणून दगड किंवा फरशी शोधायची. शेवटी निघालो तिथेच परत यायचे. मागच्या वाचनांची बेरीज वजा पुढच्या वाचनांची बेरीज शून्याच्या जवळ यायला हवी. साधारण कामात किलोमीटरमधल्या अंतराचे वर्गमूळ गुणिले २५ मिलिमीटर एवढी चूक चालते. चार किलोमीटरच्या फेरीला ५० मिलिमीटर. त्याहून जास्त आली तर वही बंद करून पुन्हा निघायचे. चौघांचा गट असेल तर नदीवरच्या दोन पुलांमधला टप्पा दोन सकाळींत होतो. मग पुलाच्या स्लॅबखालून पात्राच्या तळापर्यंतची उंची, पात्राची रुंदी, गाळाची जाडी. महापालिका उन्हाळ्यात नदी साफ करते, त्याआधी एकदा आणि नंतर एकदा हे छेद, म्हणजे पात्राचे आडवे काप, काढले तर किती गाळ निघाला हे कंत्राटाच्या कागदावर विसंबून न राहता कळेल. हे काम सहा महिन्यांच्या कोर्समध्ये शिकवतात का?

आकड्यावर विश्वास कधी ठेवायचा हे कळणे हेही शिक्षणच. मे २०२४ च्या अखेरीस, ऐन नवतपात, म्हणजे उन्हाळ्यातल्या सर्वांत कडक नऊ दिवसांत, नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सिअस तापमान दाखवले. बातमी तासाभरात देशभर झाली. हवामान खात्याने नंतर खुलासा केला की संवेदकात बिघाड होता. पण खुलाशाची वाट पाहायची गरज होती का? भारताचा विक्रम २०१६ चा, फलोदीचा, ५१ अंशांचा. एका झटक्यात पाच अंशांनी तो मोडायचा, तेही शेजारचे विमानतळाचे केंद्र त्याहून दहा-अकरा अंश खाली असताना? तापमापी जमिनीपासून सव्वा मीटरवर, हवा खेळती राहील अशा झडपांच्या पांढऱ्या पेटीत का ठेवतात, हे ज्याने एक ऋतूभर रोजच्या नोंदी घेऊन शिकले आहे तो असा आकडा पुढे पाठवण्याआधी थांबला असता. हे ज्ञान फार मोठे नाही. पण ते सरावाशिवाय येत नाही.

आता भूगोलाच्या समर्थकांकडे वळतो, कारण विषयाचे जास्त नुकसान त्यांनी केले असे माझे मत आहे. परीक्षेसाठी उपयोगी म्हणून विषय टिकवायचा म्हटले की तो गाइडच्या आकाराचा होतो. नद्यांची लांबी, खिंडींची नावे, खनिजांच्या याद्या. मग विदर्भाच्या अनुशेषावर पन्नास वर्षे बोलणाऱ्या या शहरात त्या अनुशेषाचा भूगोल कोणी मांडत नाही. १९८४ ला दांडेकर समितीने आणि २०१३ ला केळकर समितीने प्रादेशिक असमतोल मोजला. मोजणीचे एकक काय असावे, जिल्हा, तालुका की नदीखोरे, यावर निकाल किती बदलतो हा अस्सल भौगोलिक प्रश्न आहे. भंडारा-गोंदियाकडे मालगुजारी तलावांची जुनी व्यवस्था आहे, वरुड-मोर्शीकडे संत्र्यापायी भूजल उपसून खोल गेलेले आहे. दोन्हींना ‘विदर्भातील सिंचन’ या एका ओळीत कोंबून चालत नाही. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यावर आधारलेला नियोजित वैनगंगा-नळगंगा जोडकालवा सुमारे सव्वाचारशे किलोमीटरचा आहे. एवढे पाणी कुठे उताराने जाईल, कुठे उचलावे लागेल, कोणती जमीन कालव्याखाली जाईल, हे समोच्च नकाशावर बसून तपासणारे पदवीधर बुलडाण्यापासून भंडाऱ्यापर्यंत प्रत्येक तालुक्यात हवेत. आणि ज्या नाग नदीचे सांडपाणी पिवळी, कन्हान, वैनगंगा असे करत त्याच गोसीखुर्दात पोहोचते, ती शहराच्या मध्यातून वाहते. या प्रश्नांना चार पर्यायांतून एक असे उत्तर नसते, म्हणून परीक्षेच्या मापाने शिकवणाऱ्याला ते दिसत नाहीत.

विभाग बंद करणे सोपे असते, तो परत उभा करणे जवळपास अशक्य. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाने १९४८ मध्ये भूगोलाचा अभ्यासक्रम गुंडाळला. नंतर अर्थशास्त्र, सार्वजनिक आरोग्य, पुरातत्त्व अशा सगळ्या शाखांना नकाशाचे विश्लेषण लागू लागले आणि २००६ मध्ये त्यासाठी वेगळे केंद्र काढावे लागले. विभाग मात्र परत आला नाही. इंग्लंडमध्ये याच्या उलट झाले. ऑक्सफर्डने १८८७ मध्ये हॅलफर्ड मॅकिंडर यांना भूगोलासाठी नेमले, १८९९ मध्ये स्वतंत्र शाखा काढली, आणि आज तिथे हा विषय पदवीपासून शिकवला जातो. जुन्या विद्यापीठाकडे काही असते तर हेच : घाईने न सोडण्याची ऐपत.

कोणी म्हणेल, हा विषय मुळात साहेबाच्या सोयीचा. हेही खोटे नाही. १८०२ साली मद्रासहून त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू करणारा विल्यम लॅम्बटन १८२३ मध्ये नागपूरकडे येताना हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथे आहे. त्याच्या साखळ्या-थिओडोलाइटमागे सैन्य आणि महसूल होता. नागपुरात राहिलेला मिशनरी स्टीफन हिस्लॉप याने इथले खडक आणि जीवाश्म जगाला दाखवले आणि तो १८६३ साली टाकळघाटची दगडी वर्तुळे पाहून परतताना बुडून मेला. म्हणून आपण काय करावे? मोजणी त्यांची होती, म्हणून सोडून द्यावी? ज्याच्याकडे नकाशा होता त्याच्याकडे जमीन गेली, हे विदर्भातल्या गोंडांहून चांगले कोणाला माहीत आहे? आज विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होतो तेव्हा हरकतींसाठी ठरावीक मुदत असते. त्या मुदतीत नकाशा वाचून हरकत घालणारे कोण असतात? बिल्डरकडे नकाशा वाचणारा माणूस पगारावर असतो. वस्तीकडे कोण आहे?

हे सारे होण्यात अडचण पैशांची कमी आणि सवयीची जास्त आहे. प्रात्यक्षिकाच्या वह्या मागच्या वर्षीच्या वह्यांवरून उतरवल्या जातात. छेद काढताना उभे प्रमाण आडव्याच्या किती पट वाढवले हे कोणी लिहीत नाही, आणि परीक्षकही विचारत नाही. यावर साधा उपाय आहे. प्रत्येक गटाला वेगळा टप्पा द्यावा, मग नक्कल करायला वही उरत नाही. कच्ची फील्डबुक, खाडाखोडीसकट, मूल्यमापनाला ठेवावी. सुबक तक्त्यापेक्षा तिला जास्त गुण असावेत. जुळवणीची चूक प्रामाणिकपणे नोंदवणाऱ्याला गुण मिळावेत, शून्य चूक दाखवणाऱ्याला प्रश्न विचारावेत. आणि शेजाऱ्यांकडे जावे. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोचे मुख्यालय अमरावती मार्गावर विद्यापीठाच्या परिसराला लागून आहे. महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मध्य क्षेत्राचे कार्यालय, भारतीय खाण ब्युरो, नीरी ही पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था, प्रादेशिक हवामान केंद्र, हे सगळे याच शहरात आहे. मातीचा खड्डा दीड मीटर खणून थर कसे ओळखतात हे तिथल्या तज्ज्ञाकडून एका दिवसात शिकता येते. चौथ्या वर्षाचा ऑनर्सचा प्रकल्प अशा संस्थेच्या खऱ्या कामाला जोडता येतो.

एक आक्षेप मात्र मला सगळ्यांत गंभीर वाटतो, आणि तो सहसा शिक्षक नव्हे तर पालक घेतात. क्षेत्रभेट म्हणजे महाबळेश्वर किंवा उटीची सहल, चार-पाच हजारांची वर्गणी, रात्रीचा मुक्काम. कळमेश्वर, कुही किंवा भिवापूरहून रोज बसने येणाऱ्या मुलीला घरून परवानगी मिळत नाही. ज्याचा बाप मजुरीला जातो तो मुलगा वर्गणी भरू शकत नाही. मग ती दोघे वर्गात बसून दुसऱ्याच्या वहीवरून अहवाल लिहितात, आणि विषयाचा गाभाच त्यांच्या वाट्याला येत नाही. बी.ए.ला भूगोल घेणाऱ्यांत अशी मुले कमी नाहीत. म्हणूनच दूरच्या सहलीची सक्ती काढून टाकावी. सत्रातले आठ शनिवार सकाळी सात ते अकरा शहरात काम ठेवावे : दोन नाग नदीवर लेव्हलिंगला, दोन बाजारात, म्हणजे कॉटन मार्केट आणि कळमन्यात, कोणता माल कोणत्या तालुक्यातून येतो याच्या नोंदीला, एक मातीला, एक सीताबर्डीच्या बेसाल्टला, दोन हिशेब जुळवून नकाशा काढायला. मुलींसोबत शिक्षिका असावी, पाण्याची आणि स्वच्छतागृहाची सोय असलेला टप्पा आधी पाहून ठेवावा, मार्चनंतर अकराच्या पुढे कोणालाही उन्हात उभे करू नये. बसचे भाडे महाविद्यालयाने द्यावे. यंत्र महाग आहे, तर चार महाविद्यालयांनी मिळून एक घ्यावे आणि आठवडे वाटून घ्यावेत. आणि दरवर्षी त्याच खुणांवरून तीच मोजणी व्हावी, म्हणजे पाचव्या वर्षी महापालिकेच्या टेबलावर ठेवता येईल असा नाग नदीचा पाच वर्षांचा आलेख विद्यार्थ्यांच्या हाती असेल.